दुसऱ्या घंटेनंतर

बार्बिट्युरेट हा शब्द उच्चारला की हल्लीचे तरुण डॉक्टर माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांना टांगा विकत घ्यायला सांगते आहे. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगभर झोपेसाठी हेच औषध दिलं जायचं. झोप छान लागायची, आणि प्रमाण चुकलं तर कायमचीच लागायची, कारण श्वासच थांबायचा. वर त्याची स्वतःची सवय लागायची ती वेगळीच. पुढे त्याहून सुरक्षित गोळ्या आल्या आणि हे सगळं घराणं अडगळीत गेलं. फिट येणाऱ्या रुग्णांसाठी एक भाऊ आणि भूल देण्यासाठी दुसरा, एवढेच काय ते नोकरीत उरले.

मी मात्र सगळी हयात त्या अडगळीतच घालवली. मिरजेच्या आमच्या संशोधन संस्थेत माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. डॉक्टर मंदाकिनी शिरगुप्पे या नावापेक्षा ते पुष्कळ लहान आहे आणि इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही घडवलेल्या औषधाला पोरांनी ठेवलेलं नाव मात्र मला मनापासून आवडतं. आजीबाई. जुन्या घराण्यातली, पण शहाणी.

शहाणी कशी, ते सांगते. मेंदूतल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीवर बारीक दारं असतात. ती उघडली की पेशी शांत होते. साध्या झोपेच्या गोळ्या ही दारं वरचेवर उघडतात. बार्बिट्युरेट उघडलेलं दार धरून ठेवतं, लवकर सोडत नाही. त्यातच त्याची ताकद आणि त्यातच धोका, कारण ते कुठलंही दार धरतं, अगदी श्वासाच्या केंद्रातलंसुद्धा. आता गंमत अशी की पेशी जोरात काम करू लागली की तिच्याभोवतीचं पाणी अगदी किंचित आंबट होतं. आम्ही जो रेणू घडवला तो एरवी निपचित पडून असतो. त्या आंबटपणातच तो जागा होतो आणि फक्त त्याच पेशीत शिरतो. बाकीचा मेंदू आपला निवांत.

आणि कोकेन? ते शरीरातून जायला फार दिवस लागत नाहीत. जात नाही ती आठवण. कोकेनमुळे मेंदूत डोपामिन साचतं, आणि डोपामिन मेंदूला एकच धडा देतं: हे महत्त्वाचं आहे, विसरू नकोस. मग ज्या जागी, ज्या वासात, ज्या आवाजात ते घेतलं, तो वास किंवा तो आवाज नुसता आला तरी ओढ उसळते. वर्षानुवर्षं निर्व्यसनी राहिलेला माणूस एका क्षणात कोसळतो तो त्यामुळे. पण आठवण वर काढली की ती थोडा वेळ ओली असते, कच्च्या मडक्यासारखी. मेंदूला ती परत भाजून ठेवावी लागते. त्या ओल्या वेळात आजीबाई आत गेली तर आठवण राहते, पण तिच्यातली ओढ पुन्हा भाजली जात नाही.

म्हणजे काम सोपं. ओढ जागी करा, औषध द्या. जिथे सोपं वाटतं तिथेच माणूस तोंडावर आपटतो, आणि मी आपटले ते जतीन लोलयेकरच्या बाबतीत. पणजीतला नावाजलेला शेफ. गर्दीच्या वेळी शेगड्यांसमोर तग धरायला कोकेन घ्यायचा. आम्ही त्याला स्वयंपाकघरात उभं केलं, तव्यांचा खणखणाट आणि मसाल्याचा वास दिला, ओढ उसळली, औषध दिलं, ओढ गेली. मी सगळ्या संस्थेला पेढे वाटले. पुढे एकदा तो भेटायला आला आणि समोर बसून म्हणाला, ‘‘डॉक्टर, मीठ कमी की जास्त ते मला अजून बरोब्बर कळतं. फक्त त्याची पर्वा वाटत नाही.’’ आता तो भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसतो. रांधण्याचा आनंद आणि कोकेनची ओढ त्याच्या मेंदूत एकदमच पेटत होती. आजीबाईला काय, दोन्ही सारखंच आंबट. पेढे आठवले की अजून मला माझीच लाज वाटते.

त्यानंतर माझ्याकडे निरंजन आवटी आला आणि त्याच्यासोबत त्याची बायको ऋजुता.

दोघंही सांगलीची, नाटकवेडी. निरंजन नट. मुंबईत जाऊन मोठा झाला, मालिका केल्या, नाव कमावलं. हल्ली नाटकात दिवे यंत्र सांभाळतं, नेपथ्य भिंतीवर प्रकाशाने उमटतं, प्रेक्षक बिनचालकाच्या एसटीतून येतात. पण प्रयोगाआधीच्या तीन घंटा अजून माणूसच देतो. निरंजनच्या नाट्यसंस्थेत त्या ऋजुता देते. तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, हौशी नाट्यमंडळातली पितळी घंटा ती दौऱ्यावर स्वतःच्या पिशवीतून नेते, सामानाच्या टेम्पोत टाकत नाही.

एका प्रयोगाला निरंजन भर रंगमंचावर संवाद विसरला. कुणीतरी म्हणालं, घे थोडं, भीती जाईल. भीती गेली. तिच्यामागोमाग बाकीचंही जायला लागलं. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हृदयाला एक झटका येऊन गेला होता. तीन व्यसनमुक्ती केंद्रं झाली होती. प्रत्येक वेळी तो ठणठणीत होऊन बाहेर पडायचा आणि पहिल्याच प्रयोगाला परत बुडायचा.

‘‘तुला कधी कळलं?’’ मी ऋजुताला विचारलं.

‘‘विचारायचा बंद झाला तेव्हा.’’

‘‘काय विचारायचा?’’

निरंजन खाली मान घालून बसला होता. ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. ‘‘मॅडम, लग्नाच्या आधीपासूनचं आहे हे. दुसरी घंटा झाली की हा विंगेत माझ्याजवळ येणार, पाय लटपटत असणार, आणि विचारणार, ‘अगं, पहिलं वाक्य काय माझं?’ शेकडो प्रयोग झालेलं नाटक असलं तरी! मी म्हणायची, ‘स्टेजवर गेलास की सांगीन.’ मग हा हसायचा, आणि मी तिसरी घंटा द्यायची. एक दिवस आलाच नाही. दुसऱ्या घंटेनंतर बाथरूममध्ये गेला आणि तिकडून थेट एंट्रीला. सगळे म्हणाले, काय आत्मविश्वास आहे! मला मात्र त्या दिवशी कळलं.’’

आम्ही नेहमीप्रमाणे सुरुवात केली. त्याच्या डोक्यावर मेंदूतली हालचाल टिपणारी टोपी चढवली आणि पांढऱ्या पुडीची चित्रं दाखवली. पडद्यावर काहीच हललं नाही. ‘‘डॉक्टर, मला रांगोळी आठवतेय,’’ निरंजन म्हणाला. माझा सहकारी डॉक्टर अर्शद सतारमेकर तोंडावर हात धरून हसला. हुशार मुलगा, त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात आणि हा मेंदूच्या तारा बघतो. तोच मग म्हणाला, ‘‘मॅडम, वहिनींनी सांगितलं की आपल्याला. दुसऱ्या घंटेनंतर.’’

ऋजुताने घरून घंटा आणली आणि कसलीही पूर्वसूचना न देता दोनदा वाजवली. ओढीचा भाग आम्ही पडद्यावर लाल रंगात दाखवतो. तो लाल रंग असा भडकला की अर्शद खुर्चीतून उठलाच. निरंजनच्या कपाळावर घाम आला होता आणि तो दाराकडे बघत होता, बाथरूमच्या दाराकडे.

मला जतीन आठवला. म्हणून मी निरंजनकडून त्याचं आवडतं स्वगत म्हणवून घेतलं आणि त्या वेळी मेंदूचा जो भाग उजळला त्याला हिरवा रंग दिला. तो त्याचा आनंद. मग दोघांना समोर बसवून आधी जतीनची हकीकत ऐकवली आणि मग स्वच्छ सांगितलं.

‘‘हे औषध एका माणसाला एकदाच देता येतं. दुसऱ्यांदा दिलं तर याचीच सवय लागण्याचा धोका आहे. एकदाच मिळणार म्हणून आठवण पूर्ण उघडायला हवी. धूप, मेकअपचा वास, तिन्ही घंटा, सगळं. अर्धवट उघडली तर ओढ अर्धी उरेल, आणि तुझं हृदय दुसरा झटका सोसणार नाही. पण तिसऱ्या घंटेला तुझा लाल आणि हिरवा एकत्र पेटला, तर दोन्ही जाईल. जगशील. नट राहशीलच असं नाही.’’

निरंजन म्हणाला, ‘‘चालेल. माझ्या मुलीनं मला धड असा कधी बघितलेलाच नाही. नाटक गेलं तर गेलं.’’

‘‘आणि मला कुणी विचारणार आहे का नाही?’’ ऋजुता उसळली. ‘‘मी नटाशी लग्न केलंय. हा टाइल्स विकायला बसला तर मी काय गिऱ्हाइकांना घंटा देऊ?’’

‘‘ऋजू, मेलो तर कुणाला देशील?’’

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू हे सगळं माझ्यामुळेच झालं. मला तिचा रागही आला आणि तिच्याबद्दल माया दाटूनही आली.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही संस्थेच्या व्याख्यानगृहाची विंग करून टाकली. आरसा, त्याभोवती दिवे, धूप, निरंजनच्या पहिल्या अंकातला कोट. सुईची नळी त्याच्या हातात टोचून ठेवली होती, औषध माझ्या बोटाखाली होतं. क्रम ठरलेला, समितीने मंजूर केलेला: तिसरी घंटा, मग औषध. ऋजुता घंटा घेऊन कोपऱ्यात उभी राहिली.

पहिली घंटा झाली. निरंजन आरशात बघून सावरून बसला. काही वेळाने दुसरी झाली आणि लाल रंग उसळला. तो हात चोळायला लागला, उठून उभा राहिला.

‘‘वाढतोय,’’ अर्शद म्हणाला. ‘‘अजून वाढतोय. आता तिसरी.’’

घंटा वाजली नाही. मी वळून बघितलं. ऋजुताने घंटेची जीभ मुठीत घट्ट धरली होती.

‘‘ऋजुता, तिसरी दे!’’

‘‘पडदा कुठाय?’’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ‘‘काय?’’

‘‘पडदा नसेल तर तिसरी नाही. आमच्या अप्पांनी ही घंटा हातात दिली तेव्हा एवढं एकच वदवून घेतलंय. तिसरी दिली की पडदा वर गेलाच पाहिजे. तालमीतसुद्धा मी दोनच देते. तेव्हा हो म्हणाले होते, पण इथं भिंतीसमोर तिसरी देणार नाही.’’

‘‘अगं, ही काय वेळ आहे का रीतीभाती पाळायची? नवऱ्याचा जीव...’’

‘‘माहीत आहे मला!’’ ती ओरडली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण मूठ काही सुटेना.

मी चिडले. किती चिडले ते सांगून सोय नाही. आयुष्यभराचं संशोधन, समितीची मंजुरी, एकदाच मिळणारी संधी, आणि ही बाई पडदा मागते आहे. मी स्वतःच जाऊन घंटा हिसकावणार होते. तेवढ्यात अर्शद अगदी हळू म्हणाला, ‘‘मॅडम, पडद्याकडे बघा. आपल्या.’’

लाल रंग अजून चढतच होता. निरंजनच्या मेंदूला तिसरीची सवय होती, ती येत नव्हती, कोकेनही मिळत नव्हतं, आणि तो सगळा भाग वाट बघून बघून पेटला होता. इतका लाल मी कुणाच्याच मेंदूत पाहिला नव्हता. आणि हिरवा भाग काळोखात शांत पडून होता. तो तिसऱ्या घंटेची वाट बघत झोपलेला होता. अप्पांच्या रीतीने त्या दोघांच्या मध्ये एक भिंत घातली होती.

एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते: ठरलेली गोष्ट घडली तर आठवण जेमतेम उघडते, ठरलेली गोष्ट घडली नाही तरच ती सताड उघडते, कारण मेंदूला वाटतं, आपण शिकलो त्यात काहीतरी चुकलं, दुरुस्त केलं पाहिजे. उंदरांच्या बाबतीत मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. आणि माणसाच्या बाबतीत मात्र सगळं रीतसर पूर्ण करायला निघाले होते!

‘‘अर्शद, देते आहे.’’

‘‘तिसरीशिवाय? समिती...’’

‘‘समितीला मी बघून घेईन.’’

मी बोट दाबलं. आजीबाई गेली. आम्ही तिघं श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिलो. लाल रंग कडांपासून विझायला लागला. सावकाश, शेगडी मंद करावी तसा. निरंजनचे खांदे सैल पडले, तो खुर्चीत टेकला आणि झोपी गेला. श्वास स्वच्छ, संथ चालू होता. हिरव्या भागाला धक्काही लागला नव्हता, निदान पडद्यावर तरी.

ऋजुता अजून घंटा धरून उभी होती. मी तिच्याजवळ गेले. शिव्या द्यायच्या होत्या, पण माझ्या हातांनी तिला जवळच घेतलं.

निरंजन उठला तेव्हा अर्शदने विचारलं, ‘‘काय वाटतंय?’’

तो विचार करून म्हणाला, ‘‘भूक लागलीय. म्हणजे, जेवणाची.’’ त्याने भडंग मागितला, वर कच्चा कांदा पाहिजे म्हणाला, आणि सबंध संस्थेत आनंदीआनंद झाला. पेढे मात्र मी वाटू दिले नाहीत.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्याला दुसरी घंटा ऐकवून बघितली. खुर्चीत बसवून, बेसावध गाठून, एकदा तर बाथरूमच्या दारातच. लाल रंग उठला नाही तो नाहीच. त्याला सगळं आठवत होतं. कुणाकडून घ्यायचा, कसं घ्यायचा, सगळं सांगायचा. गेल्या वर्षीच्या सर्दीबद्दल बोलावं तसं. हृदयाची गतीही ताळ्यावर आली. पण आनंदाचं काय, ते कळायला मार्ग नव्हता. प्रयोगशाळेत ऋजुता तिसरी देणार नव्हती, आणि एव्हाना मीही कुणाला देऊ दिली नसती. स्वगत तो छान म्हणायचा. जतीनलाही मीठ कळतच होतं की.

‘‘मला स्वतःलाच कळत नाही, डॉक्टर,’’ निरंजन एकदा म्हणाला. ‘‘आता भीती वाटत नाही. बरं वाटायला पाहिजे ना? मला त्याचीच भीती वाटते.’’

शेवटी प्रयोग लागला. सांगलीत, रविवारी दुपारी, त्यांचं जुनंच नाटक. गावात बातमी पसरली होती; तिकिटं केव्हाच संपली. मला पहिल्या रांगेत जागा ठेवली होती, पण माझा पाय काही तिकडे वळेना. मी मागच्या दाराने विंगेत गेले आणि ऋजुताच्या शेजारी एका पेटाऱ्यावर बसले. त्यांची सहा-सात वर्षांची लेक आजोळच्या माणसांबरोबर प्रेक्षकांत होती.

नटराजाची पूजा झाली. नारळ फुटला. पहिली घंटा झाली तेव्हा निरंजन रंगपटात होता. धुपाचा वास विंगेपर्यंत आला. बाहेर प्रेक्षक खुर्च्या शोधत होते, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. ऋजुताच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. माझी काय अवस्था होती ते विचारू नका. रुग्ण तपासता तपासता केस पांढरे झाले, पण इतकी कुणासाठी घाबरले नव्हते.

तिने दुसरी घंटा दिली.

रंगपटाचं दार उघडलं. निरंजन कोट घालून बाहेर आला. डावीकडे बाथरूम होतं. त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चालत विंगेच्या तोंडाशी आला आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिला. ताठ, शांत. ओढ गेली होती, ते मी पैजेवर सांगितलं असतं. पण ऋजुता त्याच्या पाठीकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तो काही बोलत नव्हता. हॉलमधला गलबला कमी झाला. तिसरीची वेळ झाली. तिने घंटा उचलली.

निरंजनने हळूच पाठीमागे हात करून विंगेचा खांब धरला. मी पाहिलं, त्याचा कोट गुडघ्यापाशी थरथरत होता. तो वळला. तोंड पांढरंफटक पडलेलं. दोन पावलं टाकून ऋजुताजवळ आला आणि कुजबुजला,

‘‘अगं, पहिलं वाक्य काय माझं?’’

डॉक्टरचं डोकं, दुसरं काय! वाटलं, औषधाने स्मरणशक्ती नेली. मग ऋजुताकडे बघितलं आणि मला सगळं आठवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. इतकी सुंदर हसलेली बाई मी आयुष्यात पाहिली नाही.

‘‘स्टेजवर गेलास की सांगीन,’’ ती म्हणाली.

तोही हसला. भीतीने पार गारठलेला होता बिचारा, आणि चेहऱ्यावर जत्रेला निघालेल्या पोराचा आनंद होता. माझ्याकडे त्या वेळी टोपी नव्हती, पडदा नव्हता, पण तो हिरवा रंग मला नुसत्या डोळ्यांनी दिसला. मी पेटाऱ्यावर बसल्या बसल्या रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

ऋजुताने हात उंच केला आणि तिसरी घंटा दिली. सबंध नाट्यगृहात घुमेल अशी, खणखणीत, अप्पांना ऐकू जावी अशी. पडदा वर गेला. निरंजन लटपटत्या पायांनी प्रकाशात शिरला, आणि दुसऱ्याच पावलाला पाय स्थिर झाले. टाळ्यांचा कडकडाट उठला. तो ओसरेपर्यंत तो थांबला. मग दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी मान आत घालून त्याने पहिलं वाक्य टाकलं,

‘‘कुणी आहे का घरात?’’

विंगेत माझ्या शेजारी ऋजुताने घंटा पोटाशी धरली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, ‘‘आहे रे. आहे.’’